सुरेख साथ

त्या सावद्याच्या चौधरीचं नाव काढू नका, चहा कडू होतो. जळगावातल्या मैफलींच्या बातम्या वीस वर्षं मी लिहिल्या आणि नाव मात्र त्या कालच्या वार्ताहराचं!

नव्वदच्या सुमारास एक परदेशी गायकवृंद आला. तिथे चौधरीशेजारी बसणं माझ्या जिवावर आलं. मी निमंत्रणपत्रिकेवरूनच बातमी लिहिली आणि घरी गेलो.

सकाळी संपादकांनी आमचं आणि चौधरीचं अशी दोन्ही दैनिकं पुढ्यात टाकली. चौधरीने लिहिलं होतं, ‘याला आ कापेला म्हणतात. एकही वाद्य नसतं.’

“नाना, तुमच्या बातमीत पियानोची सुरेख साथ कोणी केली?”

“साहेब, चौधरी मागे बसला असेल. त्याला काय दिसणार?”

“तो माझ्याच शेजारी होता, नाना. पहिल्या रांगेत.”