तक्रार असल्यास दोन लिहा

…अन् वरून सगळे मलेच म्हणून राह्यले, का त्या फोनले विहिरीत टाक! काऊन टाकू? इतका गुणी फोन, आजवर त्यानं कोणाले 'अरे' म्हणून हाक मारली नाही, आमच्या घरातले सगळे मिळून दिवसभरात जितकं गोड बोलत नाहीत तितकं तो एकटा एका मिनिटात बोलते, अन् त्याले विहिरीत टाकू? तुम्हाले सांगते, फोनचा काही दोष नाही!

आता साधा फोन असता तर मी काही म्हटलं नसतं. साध्या फोनचं काय हो, त्यात गाणे असतात, सकाळच्या गुलाबाच्या फुलावर 'शुभ सकाळ' असते, अन् बाकी नाचणाऱ्या बाया. माहा फोन बिझनेस फोन आहे. काळा कुळकुळीत, दोन सिम, चामड्याचं जाकीट घालेल, अन् मागं कोण्या कंपनीचं स्टिकर खरवडल्याची खूण. मलकापूरच्या जुन्या मोबाईलच्या दुकानातून आमच्या ह्यांनी आणला. दुकानदार म्हणे, "हरिओमभाऊ, मोठ्या सायबाचा हाय. सायबानं त्याच्यावर एक गाणं नाही वाजवलं, फक्त मीटिंगा केल्या." ते ऐकलं अन् माह्या अंगावर काटाच आला! मीटिंगा केलेला फोन अन् माह्या हातात, वरवट बकालच्या प्रतीक्षाच्या, सातवी पास!

सातवी पास, पण फोनमधलं विचारा. ब्याटरी कोणाची किती टिकते, स्टोरेज भरलं तर आधी काय पुसावं, कोणता फोन गरम होते अन् काऊन होते, गल्लीतल्या बाया मलेच दाखवायले आणतात. लोक दागिन्याच्या दुकानासमोर उभे राह्यतात, मी मोबाईलच्या काचेसमोर उभी राह्यते. आवड आहे, काय करू?

तर त्या सायबाचं सगळं पुसेल होतं दुकानदारानं, पण क्यालेंडर तसंच राहून गेलं. दर सोमवारी अकरा वाजले का फोन थरथर करते अन् वर येते, 'आढावा बैठक. सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे.' पहिल्यांदा तर मी घाबरून डोक्यावर पदरच घेतला. मंग हळूहळू सवय झाली. अन् खरं सांगू? आवडाले लागलं. अकरा वाजता मी गच्चीवर असते, ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, वाळत घातलेल्या असतात, त्या पांढऱ्या धोतरावर गोल गोल पसरेल, जशी काही पुनवेच्या चांदाची कोणी रास मांडली. कावळे येऊ नाही म्हणून मी काठी घेऊन खाटेच्या सावलीत बसेल, मांडीवर माहा प्रज्वल झोपेल, अन् फोनच्या काळ्या काचेत सगळं आभाळ उतरलेलं. मंग होते आमची बैठक सुरू. मी काचेच्या दाराच्या हापिसात असते. गोल फिरणारी खुर्ची असते. कोणीतरी टाय लावेल माणूस उठून म्हणते, "म्याडम, यंदा बिबड्यांना नागपुरातून मागणी आहे." मी म्हणते, "बघू." बस, इतकंच. "बघू" म्हणायले किती मजा येते हो! घरात मले कोणी "बघू" म्हणूच देत नाही. मले म्हणतात, "झालं काय?" अन् मी म्हणते, "हो, झालं."

फोनचा काही दोष नाही. दोष असला तर त्या ॲपचा. पण ॲपचा तरी कसा म्हणू?

झालं असं, का माह्या बिबड्या-खारोड्याच्या वाळवणाच्या ऑर्डरी फोनवर याले लागल्या. 'प्रज्वल गृहउद्योग' नाव ठेवलं, पोराचा हसरा फोटो लावला. पण लेकरू अंगावर पिऊन राह्यलं तर फोन कसा उचलू? अन् मी आहे जरा घाबरट. पोरानं दोनदा शिंकलं तर मी फोनमध्ये शोधते, 'बाळ दोनदा शिंकल्यास काय'. फोन असे असे रोग दाखवते, का वाचता वाचता मलेच शिंका येतात. मंग ऑर्डरीकडं कोण पाहणार? म्हणून मी एक उत्तर देणारं ॲप घेतलं, खास बिझनेसवाल्यांसाठी. उघडल्याबरोबर त्यानं काय विचारावं? 'आपण व्यस्त आहात का?'

तुम्हाले सांगते, लग्न होऊन आल्यापासून हा प्रश्न मले कोणी विचारला नव्हता. माह्या डोळ्यात टचकन पाणी आलं. मी दाबलं, 'होय.'

तो म्हणे, मंग तुमच्या जागी मी बोलू का? मी म्हटलं, बोल बाप्पा. त्यानं तयार नमुने दाखवले, शुद्ध पुस्तकातल्या मराठीत. 'आपला संदेश आम्हाला मिळाला आहे. आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील.' मंग 'ऑर्डर नोंदवण्यासाठी एक लिहा, तक्रार असल्यास दोन लिहा.' मी सगळेच चालू केले. कोणाले बोलायचं अन् कोणाले नाही असंही त्यानं विचारलं होतं. तठी मी दाबलं, 'सर्वांना'. सगळ्याइशी सारखं वागावं, नाही काय?

आता इथून पुढं ऐका.

आमच्या प्रज्वलचं जावळ काढाचं होतं. केस पार डोळ्यावर येल, अन् मले दिवसरात धाक, का केसानं पोरगं चकणं तर नाही होणार? मामाजीनं, म्हणजे आमच्या सासऱ्यानं, महादेवरावानं, पंचांग पाहून दिवस धरला. जावळाले पोराले बसवाचं मामाच्या मांडीवर, अन् केस झेलाचे आत्यानं, आपल्या पदरात. आत्या नाही तर जावळ नाही. केस भुईवर पडू देत नाहीत आमच्याकडं. अन् आत्या एकच, माह्या नणंद, रुख्मिणीताई, मलकापूरच्या. सासूबाई मी या घरात याच्या आधीच गेल्या, म्हणून ताईचं माहेर म्हणजे आता मी. अन् आत्याले आवतन कसं द्याचं? घरी जाऊन, कुंकू लावून, तांदूळ हातात देऊन. अन् सगळ्यात आधी तिलेच. फोनवरचं आवतन आमच्यात मोजत नाहीत.

जाणार होती हो मी! पण पोराले दात येऊन राह्यले होते, अंग गरम. आज जाऊ, उद्या जाऊ. तेवढ्यात मलकापूरच्या बाजारात ताईले आमची चुलत सासू भेटली अन् म्हणे, "काय वं रुख्मिणी, जावळाची तयारी झाली का?"

ताईनं तसाच बाजारातून मले मेसेज केला. 'जावळ ठरलं म्हनते. मले काऊन नाही सांगतलं?'

वार सोमवार. वेळ अकराची. मी बैठकीत! अन् हा फोन असा शिस्तीचा, का बैठक सुरू झाली का आपोआप मुका होते. मी तिकडं खुर्चीत फिरून राह्यली, अन् इकडं माह्या नणंदेले उत्तर गेलं, 'आपला संदेश आम्हाला मिळाला आहे. आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील.'

अगं माय वो!

मले पत्ता लागला तो मामाजीच्या आवाजानं. खालून ओरडले, "प्रतीक्षाऽऽ! अवं तू मानूस ठेवला काय पगारी?" मी खाली धावली तर त्याईच्या फोनमधून ताईचा आवाज, अर्ध्या गल्लीले ऐकू जाईन असा. "बाबा, मी आत्या हाय त्या पोराची! माह्याशी बोलाले तुमच्या सुनेले आता वेळ नाही, प्रतिनिधी पाठोते म्हनते! मले 'आपन' म्हनते! माहेरच्या मानसाले कोनी 'आपन' म्हनते काय? परकी केलं मले. माय होती तवर दार उघडं होतं. मी येत नाही जावळाले. घ्या म्हनाव केस त्या प्रतिनिधीच्या पदरात!"

फोन बंद. मामाजी माह्याकडं पाहून राह्यले, आमचे हे माह्याकडं पाहून राह्यले, प्रज्वल केसाच्या झालरीतून माह्याकडं पाहून राह्यला. हे म्हणे, "आधी तो फोन विहिरीत टाक." मी म्हटलं, "अहो, फोनचा काही दोष…" हे म्हणे, "चूप."

मंग काय, ह्यांले संगं घेतलं, कुंकवाची डबी घेतली, तांदूळ घेतले, पोराले टोपी-स्वेटर, उन्हाचे दिवस असले तरी स्वेटर, गाडीत वारं लागते. नांदुऱ्याले गाडी बदलली. सगळ्या रस्त्यानं डोक्यात एकच. ताई नाही आल्या तर? मुहूर्त गेला तर? पोराचे केस असेच वाढत गेले, मोठं झालं, शाळेत गेलं, लग्नाले उभं राह्यलं, अंतरपाटाच्या पलीकडं नवरी अन् अलीकडं नुसते केस! अन् माहेर तुटलं त्या बाईचं, माह्यामुळं, ते तर याहून वाईट. फोन मी पिशवीच्या तळाशी चड्ड्या-लंगोटाखाली गाडून टाकला होता. पाहिलाच नाही.

ताईच्या दारात पोचलो. दार उघडंच. ताई ओसरीवर बसेल, चष्मा लावेल, फोन हातात. मी पाया पडाले वाकली, तर ताईनं वर न पाहता हात केला. "थांब जराशी. मी लिहून राह्यली."

मी उभीच. हे उभे. पोरगं कडेवर घामानं डबडबेल.

"काय लिहून राह्यल्या ताई?"

"तक्रार," म्हणे. "दोन लिहा म्हने, लिहिलं दोन. मंग म्हने सविस्तर लिहा. मंग लिहून राह्यली सविस्तर. बाजारातून आली तवापासून."

मी पिशवीत हात घातला अन् फोन काढला. माय वो! काय लिहिलं होतं हो ताईनं! पहिलं जावळाचं. मंग मागच्या दिवाळीले ओवाळाले बसवलं अन् पाट द्याले विसरले, ते. मंग माय गेली त्या वर्षी कोणीच माहेरपणाले बोलावलं नाही, ते. मंग घरी पोचल्यावर आधी माय विचारे, पोचली का, आता कोणी विचारत नाही, ते. अन् प्रत्येकाखाली माह्या फोनचं उत्तर, न थकता. 'आपली अडचण आम्ही समजू शकतो.' 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' 'आपण आमच्यासाठी महत्त्वाच्या आहात.'

मी खाली बसली अन् म्हटलं, "ताई, खरं सांगते, ते मी नाही लिहिलं. ते मशीन आहे. आपोआप बोलते. मले माफ करा."

ताईनं चष्मा काढला. पदरानं पुसला. म्हणे, "मले काय येडी समजते काय वं? पयल्या दोन उत्तरातच समजली मी, मशीन हाय. आपल्या घरातलं मानूस कधी असं बोलन काय?" अन् मंग आमच्या ह्यांच्याकडं पाहून म्हणे, "याले जलमल्यापासून वळखते मी. यानं कधी मले 'दिलगीर' म्हटलं काय? बाबानं म्हटलं? मशीन तं मशीन. कोनीतरी म्हटलं ना."

हे मुंडी खाली घालून चपलेच्या अंगठ्यात काय पाहून राह्यले कोणास ठाऊक. मी कुंकू लावलं. तांदूळ हातात दिले. ताईनं मूठ मिटली अन् प्रज्वलचे केस वर करून त्याचे डोळे पाह्यले. "चकना बिकना काही नाही," म्हणे. "माह्या मायसारखे डोये हाय."

जावळ झालं. लय छान झालं. माह्या भावाच्या मांडीवर पोरानं गाव डोक्यावर घेतलं, न्हावी बिचारा घामाघूम, अन् ताई दोन्ही हातानं नवा पदर पसरून बसेल, सकाळच्या उन्हात. ते बारीक बारीक मऊ केस पदरात पडून राह्यले होते, जसा सावरीचा कापूस उडत उडत यावा. एक केस ताईनं भुईवर पडू दिला नाही. मले वाटलं, हीच खरी बैठक. सर्व जण वेळेवर उपस्थित.

ताई संध्याकाळच्या आधी परत गेल्या. मी ठरवून टाकलं होतं, का आज ते ॲप बंद. आज मी स्वतः बोलीन. विसरलेला पाट देता येत नाही, गेलेली माय आणता येत नाही, पण पोचल्या का, इतकं तर विचारता येते! पोराले थोपटत फोन धरून बसली. वाजला. 'पोचली.'

मी झटकन लिहिलं, अंगठा दुखेतोवर लिहिलं. 'बरं झालं ताई, जीव लागून राह्यला होता, पाय दुखत असतीन, गरम पाण्यानं शेकून घ्या, पोरगं तुमची आठवण काढून राह्यलं, आता दर महिन्याले या.'

वर दिसलं, ताई लिहून राह्यल्या. मंग थांबल्या. मंग पुन्हा लिहून राह्यल्या. आलं उत्तर.

'आज ते नाही काय?'

मी लिहिलं, 'नाही ताई, मीच आहे. प्रतीक्षा.'

'बरं बरं,' ताईनं लिहिलं. 'ते आले का सांगजो.'

काय करता हो? दिलं ॲप परत लावून. आता रोज दुपारी पोराले मांडीवर घेते, अन् माहा फोन अन् माह्या नणंद काय बोलून राह्यले, ते चुपचाप वाचत बसते.