पेंढ्याचं रेडकू

बायडाबाई : थांब, थांब. मागं घे. साक्षी गेली की.

पूर्णिमा : आई, कितींदा मागं घेऊ? चिमूटभर दिसती ती. बाकी सगळा शोच हाय.

बायडाबाई : तुझ्या दादाला अक्कल न्हाय. म्हणाला, नातीची सीडी धाडतोय अमेरिकेतनं. आन् धाडला काय, तर काळापांढरा रेडा. नात कोपऱ्यात.

पूर्णिमा : रेडा न्हाय, मासाबी न्हाय. किलर व्हेल म्हणतात. पिल्लाला अंगावर पाजती. किलर म्हणजे खुनी.

बायडाबाई : कुणाचा खून केला बाईनं?

पूर्णिमा : समुद्रात माणसाच्या वाटंला जात न्हाय म्हणं. नावच तसलं पडलंय.

बायडाबाई : म्हंजे खून न करताच जन्मठेप. आन् एवढी उडी कशापायी मारती?

पूर्णिमा : शिट्टी वाजली की मारायची. मग बादलीतला मासा मिळतो. लोक तिकीट काढून बघतात.

बायडाबाई : हौद केवढा, ती केवढी. अंग वळवायला तरी येतंय का?

पूर्णिमा : मला नको वाटतं बघायला. लहान असताना धरून आणली तिला. दादाच सांगत होता फोनवर, तिचं पिल्लू दुसऱ्या गावच्या हौदात नेलं, तर कोपऱ्यात तोंड घालून दिवसन् दिवस वरडत होती.

बायडाबाई : हे ठावं असून तिकीट काढलं त्येनं?

पूर्णिमा : साक्षीनं हट्ट धरला. आन् आपण काय करतो गं? दिवाळीच्या पाडव्याला म्हशीची शिंगं रंगवायची, मोटरसायकलमागं पळवायची. आख्खी मंगळवार पेठ टाळ्या वाजवती.

बायडाबाई : पळवतो की. मी कुठं न्हाय म्हणतो? पर आपली चंद्री शिट्टीला पळत न्हाय, राजवर्धनच्या हाकंला पळती. तो अमेरिकेला गेल्यापास्नं दावणीलाच असती पाडव्याला. यंदा तो आला की बघ...

पूर्णिमा : आई.

बायडाबाई : काय?

पूर्णिमा : काय न्हाय. चंद्री वरडाय लागलीया. धारंची वेळ झाली.

बायडाबाई : गडी ज्ञानू बसलाय बादली घिऊन. पेंढ्याचं रेडकू ठेवलंय तिच्या म्होरं.

पूर्णिमा : ते एक मला बघवत न्हाय. तिच्याच मेलेल्या पिल्लाचं कातडं, आत पेंढा. फसवणूकच की ती.

बायडाबाई : तिला कळत न्हाय असं वाटतं व्हय तुला? हुंगती, चाटती. जिभंला गार लागतंय, हालत न्हाय, ढुशी देत न्हाय. समदं कळतंय तिला. तरी पान्हा सोडती.

(पूर्णिमा रिमोटशी चाळा करत बसते.)

बायडाबाई : दादा यंदाबी येत न्हाय न्हवं?

पूर्णिमा : रजा न्हाय मिळाली. म्हणाला, तूच सांग आईला, मला सांगवत न्हाय. म्हणून तर सीडी धाडली.

बायडाबाई : पार्सल आलं तवाच वळखलं मी. येणारं माणूस पार्सल कशाला करंल?

पूर्णिमा : बंद करू?

बायडाबाई : ऱ्हाऊ दे.

पूर्णिमा : चंद्री गप झाली बघ.

बायडाबाई : सोडला असंल पान्हा. मागं घे गं. साक्षी हात हालवती, तिथनं लाव.