तिसरी हाक

तुळशा, बॅटरी खाली ठेव जरा. जायचंय ना पल्याडच्या जत्रेला? जा. नाही कोण म्हणतंय? नाटक काही आत्ताच सुरू होत नाही, राजाच्या तोंडाला रंग लागायला अजून वेळ आहे. पण तू खाडीतून जाणार म्हणालास, पुलावरून नाही. ओहोटी आहे, अर्धा तास वाचेल म्हणालास. मग तेवढा अर्धा तास इथे बस. बाकीच्यांनीही बसा. विडी विझव रे, धूर माझ्या डोळ्यांत येतो.

ऐका.

तेव्हा पूल नव्हता. पल्याड न्यायला तर होती, म्हणजे होडी. पण भरतीचं पाणी असलं तरच ती चालायची. ओहोटी लागली की होडी चिखलात बसायची, आणि तरीवाला घरी जाऊन जेवायचा. रस्त्याने जायचं तर खाडीला वळसा. रात्रभराची चाल. आणि तिसरी होती ती खुंटांची वाट. जुन्या माणसांनी खाडीच्या तळाशी जिथे कठीण वाळू आहे, तिथे खुंट मारून ठेवले होते. वाट सरळ नव्हती. सापासारखी वळत जायची. खुंटाच्या अल्याडपल्याड गाळ. माणूस उभा आत जाईल असा गाळ.

त्या वाटेची रीत होती. एका खुंटावर हात ठेवायचा. पुढचा खुंट नजरेला पडला की मगच पाय उचलायचा. नाही दिसला तर उभं राहायचं. खुंट सोडून चालायचं नाही, मग काहीही होवो.

आणि दुसरी रीत हाकेची. खाडीत गिऱ्हा असतो, हे तुम्हाला माहीत आहे. हसू नको रे. बुडून मेलेल्याचं भूत ते. ते माणसाला ओळखीच्या आवाजात हाका मारतं. पण त्याला दोनच हाका मारता येतात. तिसरी मारता येत नाही. म्हणून खाडीत कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. तिसरी आली तर माणूस समजायचं, आणि मग ओ द्यायची. आपल्या गावात अजून म्हातारी माणसं दारावरूनसुद्धा तीनदा हाक मारतात. का ते आता कळलं ना?

तर त्या दिवशी, दिवाळी होऊन गेली होती, संध्याकाळी शेवटच्या तरीने पल्याडचा एक माणूस आला. तो थेट अनसूच्या दारात. अनसू ही इथली सून, माहेर पल्याडचं. खाडीत कालवं काढायची, तिसऱ्या शिंपल्या काढायची. एकच पोर तिला, तीन वर्षांचं. ते आजोळी राहिलं होतं. तो माणूस म्हणाला, "अनसू, पोराला ताप आहे. दुपारपासून डोळे उघडत नाही. तुझी आई म्हणाली, लेकीला घेऊन ये."

"मग मला घेऊन चल."

"कशातून? होडी बसली आता. पहाटेच्या भरतीला जाऊ."

अनसूने चूल विझवली. कालवं काढायची टोपली उचलली, त्यात सुंठ, थोडा गूळ आणि पोराचं झबलं टाकलं. घरात कंदील एकच, तो नवऱ्याबरोबर मच्छीच्या होडीवर गेलेला. नवरा उद्या सकाळी यायचा होता. शेजारच्या सोयराकाकीला तिने सांगितलं, "काकी, हे आले तर सांगा, मी खुंटांनी गेले. त्यांनी घाई करू नये. सकाळी तरीने या म्हणावं."

काकी म्हणाली, "दिव्याशिवाय? उद्या तुझा नवरा विचारील, बायको कुठे, तर काय सांगू? खाडीला घातली म्हणून सांगू?"

"सांगा. म्हणतील, बरं झालं, कटकट गेली."

काकी हसली. अनसूही हसली. पुढे कित्येक वर्षं ते बोलणं दोघींना आठवायचं.

निघाली. अंधार पडलेला. चंद्र नव्हता, पण चांदण्या होत्या, आणि ओल्या वाळूला चांदण्यांचा उजेड असतो. डोळे सरावले की खुंट दिसतो. पहिला खुंट धरला. दुसरा दिसला. गेली. तिसरा दिसला. गेली. पाणी घोट्याएवढं. थंड. पायांखाली वाळू कडक. अशी ती निम्म्या खाडीत आली.

मग मागच्या खुंटावर थाप पडली. ओल्या हाताची थाप पडावी तशी. तिने वळून पाहिलं नाही. पुढच्या खुंटाला गेली. परत थाप. आता तिने सोडलेल्या खुंटावर. म्हणजे तेही खुंट धरून येत होतं, तिच्यासारखंच.

तिने खुंट दोन्ही हातांनी धरला. पण ती खाडीतली बाई. स्वतःशी म्हणाली, मासा असेल, पाणी असेल. म्हणत म्हणत पुढे गेली.

मग तिला पोराचं रडणं ऐकू आलं.

डाव्या अंगाने. गाळाच्या बाजूने. तिचंच पोर. आईला आपल्या पोराचं रडणं चुकत नाही. भुकेचं वेगळं, पडल्याचं वेगळं. हे आजारी पोराचं होतं, बारीक, थकलेलं. आणि ते पाण्यातून येत होतं.

इथे तिचं भान गेलं. कुणाचंही जाईल. तुझंही जाईल, तुळशा. आधी पाय पळतात, डोकं मागाहून येतं. तिने खुंट सोडला. रीत सोडली. रडण्याच्या दिशेने धावत सुटली. पंधरावीस पावलं गेली असेल, आणि पाय गुडघ्यापर्यंत आत. ओढून काढायला गेली तर दुसरा मांडीपर्यंत. रडणं थांबलं. एकदम थांबलं, तोंडावर हात ठेवल्यासारखं.

मग ती ओरडली. हातपाय झाडले. जितकी झाडते तितकी आत जाते. कमरेपर्यंत आली. गाळ कसा असतो माहीत आहे? तो ओढत नाही. तो नुसता वाट बघतो. ओढून घेतो आपण स्वतःला. लांब समुद्राकडे बारीक आवाज यायला लागला होता. पाणी फिरल्याचा आवाज. भरती लागली होती.

आता सगळं संपलं, असं तिला वाटलं. आणि तिने मला सांगितलंय, तसं वाटल्यावरच तिला बरं वाटलं. रडू थांबलं. हात टोपलीला लागला. कालवं काढणारी बाई गाळात फसली की काय करते? लहानपणी तिच्या आईने शिकवलं होतं. उभं राहायचं नाही. आडवं व्हायचं. ज्याची भीती वाटते त्याच्याच अंगावर छाती टेकायची.

तिने टोपली पालथी केली. सुंठ गेली, गूळ गेला. झबलं तेवढं दातांत धरलं. टोपलीवर छाती टाकली आणि पडून राहिली. गाळ हनुवटीला लागत होता. आजूबाजूला काहीतरी चपचप चालत होतं, तिच्याभोवती फिरत होतं. एकदा तिच्या केसांपर्यंत आलं. ती हलली नाही. मनात म्हणत होती, तू मला पळवू शकतोस, बुडवू शकत नाहीस. एकेक पाय, सावकाश, घट्ट पीठ लागलेला हात परातीतून सोडवावा तसा. एक सुटला. मग थांबली. मग दुसरा. मग टोपली पुढे ढकलत, पोटावर सरपटत, चांदण्यांत काळा दिसणारा खुंट बघत ती वाळूवर आली. खुंटाला मिठी मारली.

भीती होतीच. भीती जात नसते, बाबांनो. पण आता तिच्या हातात खुंट होता.

पाणी गुडघ्याला आलं होतं. ती पुढे निघाली. एक खुंट, मग एक खुंट. पल्याडचे माड दिसायला लागले. तेव्हा तिला मागे दिवा दिसला.

पिवळा, हलता दिवा. खुंटांच्या वाटेवरून येत होता, भराभर. ती थांबली. तिला वाटलं, माणूस आहे. कुणीतरी आपल्या मागे आलं. जीव हलका झाला. पण दिवा निम्म्या खाडीत आला आणि वाट सोडून डावीकडे वळला. खुंट सोडून. गाळाच्या बाजूला, ती जिथे फसली होती तिकडे.

तिने मनाशी हिशेब केला. माणूस खुंट सोडणार नाही. म्हणजे हा माणूस नव्हे. गिऱ्हा दिवा दाखवतो, हे सगळ्यांनाच ठाऊक.

मग हाक आली.

"अनसू."

नवऱ्याचा आवाज. हुबेहूब. पण नवऱ्याने तिला नावाने कधी हाक मारली नव्हती. त्या काळी कुणी मारत नसे. तो तिला "गो" म्हणायचा, फार तर "पोराची आई". लग्न झाल्यापासून तिचं नाव त्याच्या तोंडून तिने ऐकलं नव्हतं. तिने खुंट घट्ट धरला. ओ दिली नाही.

"अनसू गो."

दुसरी. आवाज फुटलेला. दिवा खाली गेला, वर आला.

ती थांबली. ऐका हं, ती निघून गेली नाही. पाणी मांडीला लागलं होतं, खुंटाला धरूनही पाय सरकत होते, तरी ती तिसऱ्या हाकेसाठी थांबली. तिसरी आली असती तर ती मागे गेली असती. टोपली होती तिच्याकडे. कसं सुटायचं ते तिला ठाऊक होतं. तिने कान दिले. सगळा जीव कानात आणला.

दिवा विझला. तिसरी हाक आली नाही.

ती म्हणाली, गेला मेला. आणि पुढे निघाली. पाणी छातीला लागलं तेव्हा तिच्या पायांना पल्याडच्या काठाचा चढ लागला. माहेरच्या दारात ती गाळाने माखून उभी राहिली, तेव्हा तिच्या आईनेच तिला भूत समजून काठी उगारली. पोर आजीच्या मांडीवर होतं. निपचित. दुपारपासून त्याच्या तोंडून आवाज फुटला नव्हता. तेव्हा खाडीत रडलं ते कोण, ते तुम्हीच समजा.

पहाटे पोराला घाम फुटला. ताप उतरला. त्याने डोळे उघडून आईकडे पाहिलं आणि पाणी मागितलं. अनसूने त्याला छातीशी धरलं, आणि तेवढ्यात पहिल्या तरीने सोयराकाकी आली. काकी कधी खाडी ओलांडायची नाही. तिला होडीत उलटी व्हायची. ती दारात उभी राहून म्हणाली, "अनसू, नवरा पोचला ना गो इथे?"

मच्छीची होडी त्या रात्री लवकर आली होती. मासळी नव्हती म्हणून परत फिरले होते. अनसू निघाल्यावर थोड्याच वेळात तो घरी पोचला. काकीने निरोप सांगितला. तो म्हणाला, "बिनदिव्याची गेली?" आणि भिजल्या कपड्यांनी, कंदील घेऊन निघाला. तिला उजेड द्यायला.

तो खुंट धरूनच येत होता. पण अनसू जिथे पळाली होती, तिथे तिची पावलं उमटली होती. कंदिलाच्या उजेडात त्याला ती पाण्याखाली दिसली. बायकोची पावलं गाळात गेलेली दिसल्यावर कुठला नवरा खुंट धरून उभा राहील? तो त्या पावलांवरून गेला. तिच्याच पावलांत पाय ठेवत.

दोन हाका मारल्या त्याने. तिसरीला तोंडात पाणी गेलं असेल, किंवा गाळ. दुसऱ्या दिवशी ओहोटीला कंदील सापडला. अनसूचा नवरा संध्याकाळी, जाळ्यात.

गिऱ्ह्याने तिला एकदाच पळवलं होतं. तिने भीतीवर मात केली, सुटली, शहाण्या बाईसारखी रीत पाळली. पण ती पळालेली पावलं तिथेच राहिली. गिऱ्ह्याला तेवढी पुरली.

नंतर सगळे तिला समजवायचे. तू केलंस ते बरोबर केलंस. रीतच तशी आहे. ती मान हलवायची. आणि रात्रीची ओहोटी लागली की काठावर जाऊन बसायची. मी जायचो तिच्याबरोबर, तिच्या पदराखाली बसायचो. तापातून वाचलेलं ते पोर म्हणजे मीच. ती खाडीकडे बघत राहायची, आणि मध्येच, कुणी काही बोललेलं नसताना, हळूच म्हणायची, "ओ."

थोड्या वेळाने परत, "ओ. आले."

मग माझा हात धरून घरी यायची. मरेपर्यंत असं. शेवटी काठापर्यंत चालवत नव्हतं, तेव्हा खाटेवरून म्हणायची.

आता मी म्हातारा झालो. लोक मला विचारतात, काका, खाडीत हाक आली तर ओ द्यावी की देऊ नये? दिली असती तर ती गेली असती. दिली नाही म्हणून तो गेला. इतकी वर्षं मी यावर विचार केला आहे. मला कळलेलं नाही. कळलं असतं तर तुम्हाला सांगितलं असतं, आणि मग खुशाल जा म्हटलं असतं.

एवढंच सांगतो. त्या वाटेने जाऊ नका. खुंट अजून आहेत, वाळू अजून कडक आहे, मला माहीत आहे. तरी जाऊ नका. आणि कुणाला तिथून जायला लावू नका, कारण तुमच्या मागून तुमचं माणूस येईल.

ऊठ, तुळशा. ती बॅटरी घे. पुलावरून जा. लांब पडतं, पडू दे. आणि घरातून निघताना आईला सांगून जा, कुठल्या वाटेने चाललास ते. खरं सांग.