घड्याळात गेलेला सेल

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष, संस्थेचे सचिव माननीय टेकचंदजी, मुख्याध्यापिका नूतन मॅडम, आज सेवानिवृत्त होणारे आमचे विज्ञानाचे दुर्गाप्रसाद सर, आणि पार चोरखमाऱ्याहून आलेले माजी विद्यार्थी, साऱ्यांना हिरालालचा नमस्कार. मी प्रयोगशाळेचा परिचर. बावीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या, माइक आज पहिल्यांदा धरून राहिलो.

सरांनी पोरांकडून दोन छोटे रोबोट करवून घेतले होते. टीव्हीच्या रिमोटातून निघतो तसा न दिसणारा उजेड, त्यातून एक दुसऱ्याला संदेश पाठवे. त्याचं पाकीट ठरलेलं. आधी कोणाला, मग काय सांगायचं, शेवटी आकड्यांची बेरीज, म्हणजे वाटेत काही सांडलं तर कळते. दुसऱ्याने तेच पाकीट परत पाठवलं की पहिल्याचा हिरवा दिवा लागे. आमच्या घरी इतकं कोण ऐकते, सांगा?

सहा वर्षांपूर्वी ते रोबोट जिल्ह्याच्या प्रदर्शनात गेले. ही समोर बसली ते दामिनी, तेव्हा नववीत. तिने बटण दाबलं. पहिला संदेश होता, 'थांब'. दुसरा रोबोट असा थांबला की जागचा हलला नाही. हिरवा दिवाही लागला. परीक्षकांच्या जेवणाची वेळ झाली होती. "मोठा आज्ञाधारक आहे," म्हणाले अन् पहिला नंबर देऊन टाकला.

सरांनी मात्र तो आज्ञाधारक उलटा केला. खाली एक सेल कमी. मग दिवा काऊन लागला? पहिल्याचाच उजेड बाजूच्या स्टीलच्या टाकीवर आपटून परत आला, त्याला वाटलं उत्तर आलं. सर उठले, परीक्षकांना म्हणाले, "सेल पाहायचा राहिला, चूक माझी आहे." नंबर गेला, नागपूरची फेरी गेली. दामिनी महिनाभर सरांशी बोलली नाही.

मंडळी, तो सेल मी काढला होता. ऑफिसातलं घड्याळ बंद पडलं होतं अन् तपासणीला साहेब येणार होते. म्हटलं, खेळण्यातला घेतो, मग परत बसवून देतो. विसरलो. सर बोलले तेव्हा मी मागेच उभा होतो. नोकरीचं भेव वाटलं, तोंड उघडलं नाही. शाळेत परतल्यावर सरांनी चालतं घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, अन् हजेरीवर सही करून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पाकिटात त्यांनी एक घर वाढवलं, पाठवणाऱ्याच्या नंबराचं. पोरांना म्हणाले, "कोणी पाठवलं ते लिहिलं नाही, तर आपलंच बोलणं दुसऱ्याचं वाटते." मी तिथेच फळा पुसत होतो. तेव्हापासून ते वाक्य माझ्या पोटात आहे.

म्हणून ते पाकीट आज पुन्हा पाठवतो. सरांना अन् दामिनीला. पाठवणारा हिरालाल. मजकूर एवढाच, की चूक माझी होती.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, आभारी आहो. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. अन् सर, रीतीने तेच शब्द परत पाठवायचे असतात, पण या वेळी नका पाठवू. ते तुम्ही सहा वर्षांपूर्वीच म्हणून बसले. नुसतं पोचलं म्हणा.