शिवकन्येला दिसायचं ते

एक विचारू का, डोळे मिटून आंबा आठवला तर तुम्हाला खरंच आंबा दिसतो? मला नुसता अंधार दिसतो. हे मला कळलं ते शिवकन्येमुळं. परभणीच्या एका ऑफिसात आम्ही दोघी शेजारी बसून प्रोग्रामिंग करतो. एकदा ती सहज म्हणाली, "डोळे मिटले की मला आख्खा प्रोग्राम दिसतो. तुला न्हाई दिसत?"

मी धसकलेच. हे काम आपलं नव्हेच, असं वाटून घरी नोकरी सोडायचं बोलूनही बसले.

त्याच आठवड्यात शिवकन्येनं कॉलेजच्या मुलींच्या गाडीसाठी ॲप केलं. पहिल्याच दिवशी ॲपनं ड्रायव्हरला ताडकळस गावचा थांबा दाखवलाच नाही. तिथल्या मुली उभ्याच राहिल्या, त्यांचं प्रॅक्टिकल बुडालं. साहेब चिडले. शिवकन्या डोळे मिटून म्हणाली, "मला तर सगळं बरोबर दिसायलंय."

मी म्हणलं, "डोळे उघड अन् एकेक ओळ वाचून दाखव. मला तसंच कळतं."

वाचता वाचता ती थांबली. प्रोग्रामात पहिल्या थांब्याचा नंबर शून्य असतो, म्हणून थांब्यांची मोजणी शून्यापासून हवी होती, तिनं एकपासून लिहिली होती. त्यात पहिला थांबा, म्हणजे ताडकळसच, गळाला होता.

"मनात शून्यच होतं गं," ती हळूच म्हणाली.

"गाडी मनातनं जात न्हाई, बाई. ताडकळसवरनं जाते."

आता कुठलाही प्रोग्राम झाला की ती माझ्याकडं खुर्ची सरकवते अन् म्हणते, "ऐक." मी अजून त्याच नोकरीत हाय.