वाळूतले तीळ

संपत : एक पॉइंट दोन, काका.

रघुवीर : पुन्हा मोज.

संपत : तीनदा मोजलं. यंत्र आपलं म्हणणं सोडत न्हाई.

रघुवीर : मंदारच्या वहीत चार वर्षांत फॉस्फेट एकदाही शून्य पॉइंट एकच्या वर गेलेलं नाही. पोरगा गेला, आणि वर्षाच्या आत आपण त्याच्या माशांच्या टाकीची ही गत करून ठेवली. लिही. आधी तारीख.

संपत : लिवलं.

रघुवीर : दर रविवारी पाणी मी बदलतो. फिल्टर नवा बसवला. पुण्याच्या दुकानदाराने दिलेले फॉस्फेट शोषणारे दाणे दोनदा घातले. माशांना खाणं मी चिमटीने मोजून देतो. मग राहिलं कोण?

संपत : म्या?

रघुवीर : श्रावणात आठ दिवस मी भोरला नव्हतो. टाकी तुझ्या ताब्यात होती.

संपत : ते आठ दिस वाडीवरनं रोज गाडीवर आलोय, मेंढरं आयच्या गळ्यात टाकून. मंदारदादानं पहिल्या दिशीच सांगितलं व्हतं, संप्या, खाणं चुकलं तर मासा मरत न्हाई, दोनदा घातलं तर मरतो. दुसरं काय बी इसरंन, ते न्हाई.

रघुवीर : मग फॉस्फेट आभाळातून पडलं?

संपत : वाळूतनं येतंय. पाणी बदललं की दोन दिस आकडा खाली, तिसऱ्या दिशी पुन्यांदा वर. तळाला काय तरी सडतंय. एक कोपरा उपसू द्या.

रघुवीर : वाळू ढवळायची नाही, हे त्याच्याच अक्षरात आहे.

संपत : समदी एकदम ढवळायची न्हाई, असं हाय. खालची घाण वर येती आन मासं मरत्यात. म्या इतभर जागा काढतो, दगडामागची.

रघुवीर : प्रवाळ किती उरलंय?

संपत : नऊ तोंडं व्हती, दोन फुलत्यात. बाकी नुसता पांढरा सांगाडा. असंच चाललं तर ह्या दोनांचं पंधरा दिस धरा.

रघुवीर : त्याने सगळ्यात आधी आणलेलं ते. स्वारगेटहून एसटीत थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन बसला होता. कंडक्टरने विचारलं, आईस्क्रीम का? ...उपस.

(संपत नळीने दगडामागची वाळू बादलीत ओढून घेतो.)

रघुवीर : कसला वास हा?

संपत : नासक्या अंड्यावानी. बघा, पार काळी पडलीया वाळू. आन हे... काका, भात हाय ह्यो.

रघुवीर : भात कुठून येईल?

संपत : शितं हायेत. ह्यातलं काळं काळं म्या किड्याची अंडी समजत व्हतो. तीळ हायेत. मूठभर तरी असतील.

रघुवीर : तीळ.

संपत : व्हय.

रघुवीर : कुंदा, जरा बाहेर येतेस?

कुंदा : परवाची यादी करत होते. गुरुजींचा फोन आला होता, सकाळी नऊला येतो म्हणाले. काय झालं?

रघुवीर : बादलीत बघ.

कुंदा : बघायला कशाला हवं? मीच घातलेत.

रघुवीर : कधीपासून?

कुंदा : दुसऱ्या महिन्यापासून, दर तिथीला. आधी गच्चीवर घास ठेवून बघितला. शेजारच्या पत्र्यावर कावळे बसलेले, एक पुढे येईना. दहाव्याला तरी कुठे शिवला? नीरेच्या घाटावर तुम्ही हात जोडून म्हणालात, मंदार, तुझी टाकी मी सांभाळीन. सगळ्यांसमोर म्हणालात. तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला.

रघुवीर : ते राहू दे आता.

कुंदा : घास घेऊन खाली आले, तर हे दोघे केशरी मासे काचेशी आलेले. चार शितं टाकली, लगेच खाल्ली. माझ्या हातचं त्याला पोचलं असं वाटलं. मग दर महिन्याला अख्खा घास देत गेले.

संपत : काकू, चार शितंच खाल्ली त्यांनी. बाकीचं दगडामागं गेलं.

कुंदा : पण खाल्ली ना.

रघुवीर : रोज जेवताना तुला आकडा सांगत होतो मी.

कुंदा : आकडाच सांगत होतात. भाताने दगड मरतो, हे मला कुणी सांगितलं?

रघुवीर : दगड नाही तो.

कुंदा : आता कळलं. संपत, वाचेल का रे ते?

संपत : मासं वाचतील. वाळू दर हप्त्याला इतभर काढत जाऊ, चार महिनं लागतील. प्रवाळाचं... न्हाई वाटत, काकू.

कुंदा : परवा वर्ष होतंय त्याला. परवाचा घास मी कुठे ठेवू?

संपत : माझ्याकडं द्या. आमच्या वाडीवर कावळं लई. मेंढरांच्या पाठीवर बसत्यात, माणसाला भीत न्हाईत.

कुंदा : आणि तिथेही नाही शिवला, तर खरं सांगशील मला?

संपत : न्हाई, काकू.

रघुवीर : संपत, एका शिताने आकडा किती वाढतो?

संपत : एका? वाढत असंल जरासा. यंत्राला कळंल का, म्हाईत न्हाई.

रघुवीर : एकच शीत, कुंदा. तीळ नको. आणि त्याने ते खाल्लेलं दिसेपर्यंत दोघांनी इथे उभं राहायचं.

कुंदा : बरं.

संपत : मग परवा सांच्याला येऊन मोजतो. वहीत लिवायला पायजे.

रघुवीर : परवा मोजायला येऊ नकोस. जेवायला ये.