आबांची कवळी

अमरावतीहून थेट जोधपूरला बदली झाली, तेव्हाचं सांगतो. सामान भरायला मदत म्हणून माझे वडील, आबा, अकोल्याहून आले होते. मदत म्हणजे खुर्ची टाकून मजुरांना हुकूम सोडणं. आमच्यासोबत चला म्हणून आम्ही महिनाभर विनवत होतो. त्यांचं एकच, "तिकडे मले कोण ओयखते?"

ट्रक गेला आणि जेवायच्या वेळी आबांची कवळी सापडेना. वाटीत काढून ठेवली होती, तर वाटीही गायब. बायकोनं प्रत्येक खोक्यावर आतल्या वस्तूंची यादी चिकटवली होती. कवळी अर्थातच कुठल्याच यादीत नव्हती. आमची अडीच वर्षांची ओवी मात्र शांतपणे म्हणाली, "दात गाडीत."

"कावून टाकले वो बाई?" आबांनी बोळक्या तोंडानं विचारलं.

"आबा येत नाई. दात येते."

ड्रायव्हरला फोन करून मूर्तिजापूरला थांबवलं आणि मोटरसायकलवर मागे गेलो. रस्त्याच्या कडेला अकरा खोकी फोडली, तेव्हा कुकरमध्ये वाटीसकट कवळी मिळाली. घरी परतलो तर आबा दूधभात खाऊन दारातच बसलेले. आता पोरीला बोलणी बसणार म्हणून बायकोनं तिला कडेवर घेतलं.

आबांनी कवळी धुतली, नीट बसवली आणि मला म्हणाले, "पोरीचं एवढंच चुकलं. पहिले म्हातारं भरा लागत होतं. दात आपोआपच आले असते."